नीयत नसलेली नेकी

उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्याला शब्दांचा एक पेच कायम सोडवावा लागतो. मराठीत दोन शब्द हाताशी आहेत, जंतू आणि जीवाणू. जंतू म्हटले की रोगराई, जीवाणू म्हटले की फार तर दही. आमच्या मुलांच्या कानांवर मात्र घरापासून एकच शब्द पडलेला असतो, 'जरासीम', आणि तो नेहमी आजाराचा हात धरूनच येतो. जरासीम म्हणजे मारून टाकायची वस्तू. साबणाच्या जाहिराती वर्षानुवर्षे हेच सांगत आल्या आहेत. त्यामुळे झाडाच्या हिरव्यागार, धुतल्यासारख्या दिसणाऱ्या पानावरही एका चौरस सेंटिमीटरला १० लाख ते १ कोटी जीवाणू असू शकतात, असे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलींनी हात ओढणीला पुसले. मग हे जीवाणू पानावर राहून काय करतात, झाडाने सोडलेला वायू कसा खातात, ते सांगितले. मागून एकाने विचारले, "फिर उनको सवाब मिलता क्या?"

वर्ग हसला. प्रश्न विचारणाराही हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही असे आम्हाला वाटते. ज्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊकच नाही, त्याच्या हातून झालेल्या भल्याला काय म्हणायचे? आणि उलट बाजूने, ज्याची नीयत साफ आहे, पण ज्याच्या हातून नुकसान होते, त्याला काय म्हणायचे? हे दोन प्रश्न एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत.

आधी त्या वायूविषयी. झाडे प्राणवायू सोडतात एवढे पुस्तकात असते. पण झाडे आणखीही पुष्कळ काही सोडतात, आणि त्यातला सगळ्यांत मोठा वाटा आयसोप्रीन नावाच्या पदार्थाचा असतो. कार्बनचे पाच अणू आणि हायड्रोजनचे आठ, एवढीच त्याची बांधणी. रबराच्या चिकातले लांबलचक रेणू याच कड्यांच्या साखळीने बनतात. ग्रेव्हिल विल्यम्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६० साली रबर तापवून हा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला नाव दिले. पण जिवंत झाड तो हवेत सोडत असते, हे कळायला आणखी सुमारे शंभर वर्षे जावी लागली. सोव्हिएत संघातल्या जॉर्जियात गिवी सानाद्झे यांनी १९५७ साली ते दाखवले. पुढे काही वर्षांतच अमेरिकेत राइनहोल्ड रासमुसेन त्याच शोधाशी स्वतंत्रपणे पोहोचले. उन्हाळ्यात दूरच्या जंगलावर जे निळसर धुके तरंगताना दिसते, त्याचा संबंध झाडांनी सोडलेल्या अशा वायूंशी आहे, असा विचार फ्रिट्झ वेन्ट यांनी १९६० साली मांडला होता.

जगातली सगळी झाडे मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. सगळीच झाडे सोडतात असे नाही. ओक, पॉपलर, विलो, तेलताड, बांबू, आणि आपल्याकडे सरकारी योजनांतून जागोजाग लागलेली नीलगिरी ही त्यातली पुढची मंडळी. झाड तो साठवून ठेवत नाही. ऊन असेल तेव्हा बनवते आणि बनवला की सोडते. ऊन वाढले, पान तापले, की सोडण्याचे प्रमाण वाढते. अंधार झाला की काही मिनिटांत थांबते. स्वतः कमावलेल्या कार्बनचा एखादा टक्का, कधी त्याहून जास्त, झाड असे हवेत उधळून देते. कशासाठी? टॉमस शार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले की आयसोप्रीन पानाला उष्णतेचा चटका सोसायला मदत करते. म्हणजे झाड आपली कातडी वाचवते. त्यात जगावर उपकारही नाही आणि अपकारही नाही.

तरीसुद्धा झाडावर आरोप झाला. आयसोप्रीन हवेत तास-दोन तासच टिकते, पण तेवढ्यात ते हवेतल्या इतर पदार्थांशी झटापट करते. मोटारींच्या आणि कारखान्यांच्या धुरातून येणारी नायट्रोजनची ऑक्साइडे तिथे असतील, तर या झटापटीतून जमिनीलगत ओझोन तयार होतो. हा ओझोन आकाशातल्या त्या रक्षक थरातला नव्हे. हा छातीत जळजळ करणारा, दम्याच्या मुलाला दवाखान्यात पोहोचवणारा, पिकांची पाने करपवणारा ओझोन. शिवाय मिथेनसारख्या वायूंना नष्ट करणारे हवेतले जे हायड्रॉक्सिल कण असतात, तेही आयसोप्रीन वापरून टाकते, त्यामुळे मिथेनचे आयुष्य वाढते. एवढे कळल्यावर माणसाने काय करावे? १९८० सालच्या अमेरिकी निवडणुकीच्या प्रचारात रोनाल्ड रीगन यांनी हवेच्या प्रदूषणाचा मोठा दोष झाडाझुडपांच्या माथी मारला. त्यानंतर ते कॅलिफोर्नियातल्या एका महाविद्यालयात भाषणाला गेले, तेव्हा विद्यार्थ्यांनी एका झाडाला फलक अडकवून ठेवला होता. मी आणखी कुणाचा खून पाडण्याआधी मला तोडा, अशा अर्थाचा.

थट्टा चांगली होती, पण मुद्दा थट्टेपुरता नव्हता. विल्यम चॅमायडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली अटलांटा शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. (सानाद्झे यांचा जॉर्जिया हा देश, आणि अटलांटा आहे ते अमेरिकेतले जॉर्जिया राज्य. नकाशावर मुलांची हमखास गफलत होते.) त्या अभ्यासातून निघाले ते असे की झाडांचे वायू हिशेबात धरलेच पाहिजेत, आणि ते धरले की नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्याला पर्याय उरत नाही. म्हणजे झाडाचा वायू खरा आणि ओझोनही खरा, पण त्या दोघांना एकत्र आणणारा मध्यस्थ मोटारीत बसलेला आहे. स्वच्छ हवेतल्या जंगलात तेच झाड तोच वायू सोडते आणि कुणाचा श्वास कोंडत नाही. वाळलेल्या गवतावर दुपारचे ऊन पडते तो गुन्हा नव्हे. तिथे काडी टाकणाऱ्याने उन्हाकडे बोट दाखवावे, तसला हा प्रकार.

आता आपले जीवाणू. हवेत आयसोप्रीन आहे आणि त्यात कार्बन आहे, म्हणजे त्यावर कुणीतरी जगत असणार, हा अंदाज सूक्ष्मजीवशास्त्रातल्या लोकांना पहिल्यापासून असतो, कारण ज्यात थोडी जरी शक्ती आहे ते खाणारा कुठे ना कुठे निघतोच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कोरी क्लीव्हलँड आणि जोसेफ याविट यांनी १९९७ साली दाखवले की जंगलातली माती हवेतले आयसोप्रीन ओढून घेते. जगभरची माती वर्षाला सुमारे २ कोटी टन आयसोप्रीन पचवत असावी, असा त्यांचा हिशेब होता. १९९८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी गोड्या पाण्याच्या तळगाळातून मिळालेला एक जीवाणू, ऱ्होडोकॉकस, आयसोप्रीन नेमका कसा फोडतो ते पायरीपायरीने उलगडले. त्यानंतर इंग्लंडमध्ये नॉर्विचला कॉलिन मरेल आणि एसेक्सला टेरी मॅकजेनिटी यांच्या चमूंनी हे काम पुढे नेले. विलोखालच्या मातीत, पॉपलरच्या पानांवर, मलेशियातल्या तेलताडाच्या पानांवर आणि त्याखालच्या मातीत असे जीवाणू सापडत गेले.

ते सापडले कसे, हे आम्हाला त्या जीवाणूंइतकेच विलक्षण वाटते. चिमूटभर मातीत हजारो जातींचे जीवाणू असतात. त्यातले आयसोप्रीन कोण खातो, हे दिसणार कसे? मरेल यांच्याच प्रयोगशाळेतून २०००च्या सुमारास एक पद्धत पुढे आली. कार्बनचा एक जड प्रकार असतो, कार्बन-१३. त्यापासून आयसोप्रीन बनवायचे आणि बंद बाटलीतल्या मातीला किंवा पानावरून धुऊन घेतलेल्या जीवाणूंना ते द्यायचे. जो खाईल त्याच्या शरीरात तो जड कार्बन जाईल, वाढताना त्याच्या डीएनएमध्येही उतरेल. मग सगळा डीएनए काढून अतिवेगाने फिरवायचा. जड डीएनए खाली बसतो, हलका वर राहतो. खालचा वाचला की खाणाऱ्याचे नाव कळते. आपल्याकडे खाल्लेले अंगी लागते म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे. कुणी केले हे कर्त्याने सांगायचे नाही, साक्षीदारानेही सांगायचे नाही, त्याच्या अंगाने सांगायचे.

आणि हे खाणे सुखाचे नाही. आयसोप्रीन पचवण्याच्या पहिल्याच पायरीला जीवाणू त्याला प्राणवायू जोडतो, आणि त्यातून जो पदार्थ तयार होतो तो मूळच्या वायूहून घातक असतो. तो पेशीतल्या प्रथिनांना आणि डीएनएलाही इजा करू शकतो. पुढची पायरी लगेच पार पडली नाही तर जीवाणू आपल्याच घासाने मरेल. म्हणून त्याच्याकडे ग्लुटाथायोन नावाचा एक रेणू त्या विषाला बिलगवून त्याचे दात काढायची सोय असते. ऱ्होडोकॉकसमध्ये ही सगळी यंत्रसामग्री मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या एका वेगळ्या, सुट्या वळ्यावर असते, आणि आयसोप्रीन समोर नसेल तर ती बंद असते. पान हे राहायलाही काही आरामाचे ठिकाण नाही. दिवसा कडक ऊन, रात्री दव, मध्येच पावसाचा मारा, खायला जवळजवळ काही नाही. तरी पृथ्वीवरच्या सगळ्या पानांच्या दोन्ही बाजू धरल्या तर त्यांचा पसारा सुमारे १०० कोटी चौरस किलोमीटर भरेल असा अंदाज आहे. जमीन आणि समुद्र मिळून पृथ्वीचा पृष्ठभागच मुळी ५१ कोटी आहे. एवढ्या मोठ्या मुलखाला जाकोबा राउनेन या डच संशोधक बाईंनी इंडोनेशियातल्या पानांवर काम करून १९५६ साली अभ्यासाचा विषय बनवले, तोवर फारसे कुणी पानाकडे वस्ती म्हणून पाहिलेच नव्हते. आयसोप्रीन खाणारे या वस्तीतले थोडे. पाने वाढताना मिथेनॉलही सोडतात. त्यावर जगणारे गुलाबी रंगाचे जीवाणू पानोपानी असतात. योग्य खाद्य घातलेल्या काचेच्या बशीवर पान नुसते दाबून उचलले, तर काही दिवसांनी बशीत पानाचा गुलाबी ठसा उमटतो.

तर प्रश्न असा की यात सवाब कुठे आहे.

शालेय पुस्तके असल्या जीवाणूंना 'मित्र' म्हणतात. मुलांची भीती जावी म्हणून ते ठीक आहे, पण शब्द खरा नाही. मित्राला आपण माहीत असतो. ऱ्होडोकॉकसला आपण माहीत नाही, झाडही माहीत नाही, हवाही माहीत नाही. त्याला भूक आहे. त्याला निःस्वार्थ सेवक ठरवून त्याच्यावर भाषण करणे म्हणजे त्याच्या आडून आपल्याच गुणांची आरती ओवाळणे आहे. दुसऱ्या टोकाला काही लोक म्हणतील की नीयतच नाही तर अमलाला किंमत काय? अमलाचे मोल नीयतीवर ठरते, हे आपल्या घरात मूल कळायला लागल्यापासून ऐकते. आम्हालाही ते मान्य आहे. पण ते तराजूचे एकच पारडे आहे, करणाऱ्याला तोलणारे. त्यात जीवाणू शून्य भरतो असेही नाही. तो त्या तराजूचा मालच नाही. केलेल्या कामाला तोलणारा काटा वेगळा, आणि त्या काट्यावर २ कोटी टन भरतात.

इथे शब्दांची एक गंमत सांगाविशी वाटते. उर्दूतली नीयत आणि मराठीतली नियती या कानाला सख्ख्या बहिणी वाटतात. प्रत्यक्षात एक अरबीतून आली, दुसरी संस्कृतातून. एक माणसाच्या हातातली, दुसरी हाताबाहेरची. जीवाणूच्या वाट्याला दुसरी आली आहे, पहिली नाही. आपल्या वाट्याला दोन्ही आल्या, आणि अडचण आपलीच आहे.

कारण करणारा आणि काम यांचे हे दोन तराजू आपण सोयीप्रमाणे बदलतो. रमजानमध्ये सहरीला उठवायला पहाटे गल्लीतून डफ वाजवत जाणारा माणूस पूर्वी असे. काही गावांत अजूनही आहे. तो ईदच्या दिवशी दारोदार जाऊन ईदी मागतो. मग कुणी तरी हमखास म्हणतो, हा तर पैशासाठी करतो, याला कसला सवाब. त्याच माणसामुळे आपण महिनाभर वेळेवर उठलो, उपाशीपोटी रोजा धरायची पाळी आली नाही, हे त्या वेळी आठवत नाही. दुसऱ्याचे काम असले की आपण नीयत तपासतो. स्वतःचे असले, आणि ते बिघडलेले असले, की आपण म्हणतो, आमची नीयत वाईट नव्हती. न्याय करायचा तर उलटे करायला हवे. दुसऱ्याच्या बाबतीत काम पाहावे, नीयत त्याची आणि त्याच्या खुदाची. स्वतःच्या बाबतीत मात्र नीयत साफ होती एवढ्यावर थांबू नये, काम काय झाले तेही पाहावे.

आणखी एक मोह आहे, तो आमच्या ओळखीच्या मंडळींत फार. पाणी नसेल तेव्हा पाक मातीवर हात मारून तयम्मुम करायची मुभा आपल्याला आहे. मातीतले जीवाणू हवा साफ करतात हे ऐकले, की कुणीतरी लगेच सांगेल, बघा, विज्ञान आज जे सांगते ते आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते. आम्हाला ही घाई पसंत नाही. तयम्मुम हा इबादतीचा भाग आहे. त्याला कॉर्नेलच्या प्रयोगाचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि कॉर्नेलच्या प्रयोगालाही आपल्या पाठिंब्याची गरज नाही. शिवाय विज्ञानातले आकडे बदलतात. अकीदा आकड्याला बांधला तर आकडा हलल्यावर काय करायचे? एवढे मात्र म्हणता येते की ज्यांच्या रिवाजात माती ही मळ नसून मळ घालवणारी आहे, त्यांना मातीतले जीवाणू समजावून घेणे जड जाऊ नये. पहिल्या पावसाचा वासही या सूक्ष्म जीवांचेच देणे आहे. इझाबेल बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९६४ साली त्या वासावर लिहिले, तेव्हा आपल्या उत्तर हिंदुस्थानातल्या मातीच्या अत्तराचाही उल्लेख केला. कन्नौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा तो वास चंदनाच्या तेलात कधीपासून पकडून ठेवत आले आहेत. त्या वासातला ओल्या मातीचा जो खास घटक आहे, तो बनवणारे जीवाणू आणि आयसोप्रीन खाणारा ऱ्होडोकॉकस हे एकाच मोठ्या कुळातले. म्हणजे हे कुळ हवेतून घेतेही आणि हवेला देतेही, आणि देण्याचे कौतुक आपण कुपीत भरून कानामागे लावतो.

आता मुद्द्याचा आकडा. झाडे सोडतात ५० कोटी टन, माती पचवते सुमारे २ कोटी. म्हणजे शंभरातले चार. पानावरचे जीवाणू त्यात आपला वाटा घालतात, पण बहुतेक आयसोप्रीनचा निकाल हवेतच लागतो. हे सांगणे आवश्यक आहे, कारण कुदरत सगळे सांभाळून घेते असे म्हणणारे पुष्कळ असतात. ते बोलणे तवक्कुलसारखे वाटते, पण तो तवक्कुल नव्हे. उंट बांधायचाच नाही आणि वर भरवसा ठेवला असे म्हणायचे, असला तो आळस आहे. जीवाणू झाडाचा वायू खातो. मोटारीच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे तो आपल्यासाठी गोळा करत बसत नाही.

मलेशियाचे उदाहरण घ्या. बोर्निओ बेटावरच्या साबा राज्यात निक ह्युइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने पर्जन्यवन आणि तेलताडाचे मळे यांची हवा मोजली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मळा जंगलापेक्षा कितीतरी जास्त आयसोप्रीन सोडत होता. तेव्हा तिथे जमिनीलगतचा ओझोन वाढलेला नव्हता, कारण नायट्रोजनची ऑक्साइडे अजून आवाक्यात होती. ती खतांमधून, कारखान्यांमधून, वाहनांमधून वाढू दिली, तर मात्र तिथली हवा वाईट होईल, असा त्यांचा इशारा होता. तशाच मलेशियन मळ्यातल्या पानांवर आणि मातीत पुढे २०२० साली नॉर्विचच्या चमूला आयसोप्रीन खाणारे जीवाणू मिळाले. आणि त्या मळ्यांतले तेल जाते कुठे? पामतेल आयात करणाऱ्यांत हिंदुस्थान जगात पहिला आहे. बेकरीची नानखटाई, फरसाण, वनस्पती तुपातली दालचा-बिर्याणी, स्वस्तातला साबण, यांत ते असते. जंगल तोडून उभ्या केलेल्या त्या मळ्यात एक जीवाणू पानाला चिकटून आपल्या घासाबरोबर विष पचवत असतो. त्या विषाचा हिशेब आपल्या कढईपर्यंत येतो. कढईसमोरच्या बाईला किंवा हलवायाला दोष द्यावा असे आम्ही म्हणत नाही. स्वस्त तेल ही गरिबाची गरज आहे. पण कळले नव्हते असे म्हणायची सोय कळल्यानंतर उरत नाही. नीयत करणे म्हणजे मनात चांगला हेतू धरणे एवढेच असेल, तर ते फार स्वस्त पडते. आपल्या कामाचे पुढे काय होते ते विचारून घेणे, समजून घेणे, हाही नीयतीचाच भाग आहे असे आम्हाला वाटते. जीवाणूला हे ओझे नाही. म्हणून तर आपण त्याच्याहून वेगळे आहोत. मोठे आहोत की नाही, ते ओझे उचलल्यावर ठरेल.

हे सगळे फार दूरचे वाटत असेल तर जवळचे सांगतो. एका शाळेच्या पटांगणात सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलेल्या तीन नीलगिऱ्या आहेत. नीलगिरीवर लोकांचा आधीच राग, पाणी पिते म्हणून. त्यात तिचा पाला बारा महिने पडतो. तो झाडून ढीग करायचा आणि सकाळच्या हजेरीआधी पेटवून द्यायचा, ही तिथली वर्षानुवर्षांची रीत. त्या पानात तेल असते, त्यामुळे पेटतोही चटकन. पहिल्या तासाला धूर वर्गात असतो, आणि खोकणारी मुले रोज तीच असतात. पाला जाळणाऱ्या माणसाची नीयत विचाराल तर ती सफाईची आहे, आणि सफाई आपल्याकडे निव्वळ टापटीप नाही, ईमानाशी जोडलेली गोष्ट आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, हे सांगून काही फरक पडला नाही. पाला म्हणजे कचरा थोडाच, असे उत्तर मिळाले. गंमत म्हणजे हे उत्तर अगदी बरोबर होते, फक्त ते देणाऱ्याने त्याच्यावरून निघणारा निष्कर्ष काढला नाही.

मग व्यवस्थापनाने सगळ्याच कटकटींवर उपाय काढला, पूर्ण पटांगणात पेव्हर ब्लॉक. धूळ नको, चिखल नको, पाला झाडायला सोपा. पालकही खूश, कारण पांढरे गणवेश धुणाऱ्या आयांना धुळीचे काय ते ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे चूक नाही. आमचे म्हणणे इतकेच होते की खाली मुरूम ठोकून वर ठोकळे बसवले की ती माती हवेपासून तुटते. पाला तिच्यावर कुजत नाही, पाणी मुरत नाही, हवा आत-बाहेर करत नाही, आणि तिच्यात जे कोणी जगत असतात त्यांचा हवेशी चाललेला व्यवहार बंद पडतो. तो व्यवहार शंभरात चारच का होईना, तो बंद करायला आपण ना परवानगी मागितली, ना कुणाला विचारले. सभेत हे बोलल्यावर एक बुजुर्ग सदस्य म्हणाले, "जनाब, आप जरासीम के वास्ते बच्चों को मिट्टी में बिठाओगे?" सगळे हसले. त्यांना उत्तर द्यायला त्या वेळी कार्बन-१३ कामाचा नव्हता.

शेवटी ठरले ते असे. हजेरीची जागा आणि फाटकापासूनचा रस्ता यांवर ब्लॉक बसतील. झाडांभोवतीची माती उघडी राहील आणि पाला तिथेच एका खड्ड्यात जाईल, जाळला जाणार नाही. किती माती उघडी ठेवायची, यावर अजून रस्सीखेच चालू आहे. मुलांनी दोरी टाकून फांद्यांचा घेर मोजला, तो मधल्या झाडाचा २२ फूट भरला. ठेकेदार म्हणतो ६ फूट पुरे, नाहीतर ओळ तिरकी दिसते.